गळ्यातला ताईत, तोही शेणकिड्याचा

इजिप्तच्या जुन्या वस्तू असलेलं कुठलंही म्युझियम घ्या, सगळी गर्दी ममीसमोर असते आणि बाजूच्या कपाटात बोटाच्या पेराएवढे भुंगे ओळीने मांडलेले असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. काही निळे, काही हिरवट, बरेचसे मळकट पांढरे. खाली लेबल, 'स्कॅरॅब, ताईत' आणि एखादं साल, संपलं. माझं प्रामाणिक मत असं आहे की ममी बघण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा जरी या कपाटाला दिला तर जास्त कळतं, फक्त एक अडचण आहे, या भुंग्यांची खरी गोष्ट त्यांच्या पोटावर लिहिलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी ते पोट खाली करूनच ठेवलेले असतात.

तर हा भुंगा कोण? शेणकिडा. हो तोच, पावसाळ्यात गावाकडच्या वाटेवर स्वतःपेक्षा मोठी शेणाची गोळी ढकलत जाताना दिसतो त्याचा भूमध्य समुद्राकाठचा भाऊबंद, शास्त्रीय नाव स्कॅराबेअस सेसर. ताजं शेण दिसलं की हा त्यातला गोळा कापतो, गोल करतो, आणि डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, पुढचे पाय जमिनीवर असा उलटा चालत ती पळवतो. पळवतो म्हणजे खरंच पळवतो, कारण शेणाच्या ढिगापाशी बाकीचे शेणकिडे तयार गोळी हिसकावायला टपलेले असतात. सुरक्षित जागी पोचला की गोळी पुरायची आणि खाली बसून निवांत खायची.

इजिप्तच्या लोकांनी हे हजारो वर्षं रोज बघितलं, कारण नदीकाठ, गुरं आणि ऊन, तिन्ही गोष्टी भरपूर. त्यांना दिसलं ते असं: एक गोल वस्तू ढकलली जाते, जमिनीखाली जाते, आणि काही दिवसांनी त्याच जमिनीतून नवा कोरा, पूर्ण वाढलेला भुंगा बाहेर येतो, ना आई दिसली ना अंडं. आता डोक्यावर रोज एक दुसरा गोळा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतोय, संध्याकाळी जमिनीखाली जातोय आणि सकाळी परत नवा होऊन येतोय. दोन आणि दोन चार. सकाळच्या सूर्याचा देव खेप्री, आणि त्याचं रूप भुंग्याचं, काही चित्रांत तर माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी अख्खा भुंगाच बसवलाय. दुपारचा सूर्य रे, मावळतीचा आतुम, पण उगवण्याचं खातं या शेणकिड्याकडे. त्यांच्या चित्रलिपीत भुंग्याचं चिन्ह 'घडणं, अस्तित्वात येणं' यासाठी वापरायचे, म्हणून राजांच्या नावांतसुद्धा तो सापडतो. तुतानखामुनचं गादीवर बसतानाचं नाव नेबखेपेरुरे, त्याच्या मधोमध भुंगा बसलेला आहे.

हे वाचून 'काय अंधश्रद्धाळू लोक' असं म्हणणं सोपं आहे, पण मला त्यांचं निरीक्षण आवडतं, चुकलं फक्त एका ठिकाणी. आई होती, ती दिसत नव्हती. ढकलत नेलेली गोळी असते खाण्यासाठी, आणि पिल्लाची गोळी वेगळीच, ती मादी जमिनीखालच्या बिळात बनवते, पेरूसारख्या नाही तर नाशपतीसारख्या आकाराची, आणि तिच्या निमुळत्या मानेत एकच अंडं घालते. अळी आतून शेण खात मोठी होते, तिथेच कोष, तिथेच भुंगा. पहिल्या शतकातला ग्रीक लेखक प्लुटार्क सुद्धा लिहून गेलाय की या भुंग्यांत मादी नसतेच. नाशपतीचं गुपित फ्रान्सच्या फाब्र नावाच्या कीटकवेड्याने नीट मांडलं तेव्हा 19वं शतक संपत आलं होतं. म्हणजे इजिप्तवाल्यांना हसायचं असेल तर त्यांच्यानंतरच्या दोनेक हजार वर्षांच्या विद्वानांना पण हसावं लागेल.

आणि आकाशाशी या किड्याचा संबंध जोडला तो तर अगदीच हवेत नव्हता. 2013 मध्ये स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेच्या संशोधकांनी दाखवलं की याच कुळातला आफ्रिकेतला एक शेणकिडा रात्री सरळ रेषेत जाण्यासाठी आकाशगंगेचा पट्टा बघतो. त्यासाठी त्यांनी भुंग्यांना आकाश दिसू नये म्हणून पुठ्ठ्याच्या इवल्याशा टोप्या घातल्या, शिवाय जोहान्सबर्गच्या तारांगणातही प्रयोग केले. टोपी घातलेले भुंगे भरकटले. त्या वर्षी त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसू आणणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

बरं, ताईताकडे येऊ. भुंग्याच्या आकाराचे ताईत दिसायला लागतात ते साधारण इ.स.पू. 2100 च्या आसपास, म्हणजे गिझाचे पिरॅमिड बांधून तेव्हाच चारशे वर्षं उलटली होती. सुरुवातीचे साधे, ओबडधोबड, बऱ्याचदा बायकामुलांच्या थडग्यांत सापडतात. शे-दोनशे वर्षांत मात्र त्याची अशी काही लाट आली की पुढची दीड-दोन हजार वर्षं इजिप्तमध्ये सगळ्यात जास्त बनवला गेलेला ताईत हाच.

बनवायचे कसे, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. बहुतेक स्कॅरॅब सोपस्टोनचे, म्हणजे आपलं शंखजिरं, टाल्कम पावडर ज्या खनिजाची होते तेच. नखाने ओरखडा निघेल इतका मऊ दगड, त्यामुळे दीड सेंटिमीटरच्या तुकड्यावर टोकदार हत्याराने डोकं, मान, दोन पंखांमधली रेघ, कडेने दुमडलेले पाय असं सगळं कोरता येतं. मग लांबीतून आरपार भोक पाडायचं, दोरा ओवायला. हे भोक पाडणं सगळ्यात जोखमीचं, दोन्ही टोकांकडून छेद घेत मधोमध गाठायचं आणि तेवढ्यात दगड फुटला तर आधीचं सगळं कोरीवकाम पाण्यात. मग वरून निळं किंवा हिरवं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, आणि भट्टी. भट्टीत दगडातला पाण्याचा अंश निघून जातो, त्याची आतली रचनाच बदलते आणि मगाचा मऊ दगड एकदम टणक होतो. म्युझियममधले मळकट पांढरे भुंगे दिसतात ना, ते मुळात तसे नव्हते, हजारो वर्षांत ग्लेझ उडून गेलं आणि आतला भाजलेला दगड उघडा पडला.

(हीच युक्ती साधारण त्याच काळात आपल्याकडे सिंधू संस्कृतीतही होती. हडप्पा-मोहेंजोदडोच्या एकशिंगी प्राण्याच्या प्रसिद्ध मुद्रा याच दगडाच्या, कोरून मग भाजून पांढऱ्या केलेल्या, आणि पाठीमागे भोक पाडलेला उंचवटा, दोरा घालायला. कुणी कुणाकडून शिकलं असं सुचवायचं नाहीये, दगडच तसा सोयीचा आहे.)

दुसरा प्रकार फायन्सचा. याला लोक चिनीमाती समजतात पण यात माती जवळजवळ नसतेच, गारेची बारीक पूड, थोडा चुना, नॅट्रॉन नावाचा क्षार किंवा झाडपाल्याची राख, आणि रंगासाठी तांबं. हे ओलं करून साच्यात दाबायचं आणि वाळू द्यायचं. जुन्या माठाला बाहेरून पांढरी खार फुटते ना, अगदी तसंच इथे होतं, पाणी बाहेर येताना क्षार बरोबर घेऊन येतं आणि वर पांढरा थर धरतो. भट्टीत तोच थर वितळून चकचकीत आकाशी निळा होतो, वेगळं ग्लेझ लावायची गरज नाही. स्वस्त, झटपट, आणि रंग मात्र महागड्या निळ्या रत्नांशी स्पर्धा करणारा, त्यामुळे गरिबाच्या गळ्यातही भुंगा आला. ज्यांना परवडायचं त्यांनी जांभळ्या ॲमेथिस्टचे, लाल कार्नेलियनचे, नाहीतर थेट अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचे करवून घेतले.

आता पोट. वरून भुंगा, पण खालची बाजू सपाट घासलेली, आणि त्यावर कोरीवकाम. सुरुवातीला नुसती नक्षी, वेटोळी, फुलं. मग इ.स.पू. 1900-1700 च्या सुमारास त्यावर माणसांची नावं आणि हुद्दे यायला लागले, अमुक कोठाराचा कारभारी, तमुक खजिनदार. म्हणजे ताईताचा शिक्का झाला. कुलूप नावाची वस्तू सर्रास नव्हती तेव्हा, पेटीच्या किंवा दाराच्या खुंटीला दोरी गुंडाळायची, गाठीवर ओल्या चिखलाचा गोळा थापायचा आणि अंगठीतला भुंगा उलटा करून त्यावर दाबायचा, झालं शिक्कामोर्तब. कुणी उघडलं तर चिखल फुटणार, आणि नवा लावायचा तर तुमच्या बोटातला भुंगा लागणार. नाईलवरच्या उरोनार्ती नावाच्या किल्ल्यात असे फुटलेले चिखलाचे शिक्के हजारोंनी सापडलेत, त्यावरून कुठलं कोठार कुठलं खातं उघडत होतं हे आज लावता येतं. देवाचा भुंगा आणि सरकारी कारभार एकाच बोटात, त्यांना त्यात काही विसंगती वाटत नव्हती.

पण सगळे स्कॅरॅब शिक्के नव्हते हे लक्षात ठेवा. कितीतरी भुंग्यांच्या पोटावर देवाचं नाव, 'नवीन वर्ष चांगलं जावो' छापाच्या शुभेच्छा, नाहीतर जुन्या राजाचं नाव असतं, ते चिखलावर दाबायला नव्हतंच, ते अंगाला लागून राहावं म्हणून होतं.

सगळ्यात हौशी माणूस आमेनहोतेप तिसरा, राज्य साधारण इ.स.पू. 1390 ते 1352. याने चक्क बातम्या छापल्या भुंग्यांवर. हे भुंगे मोठे, तळहातावर मावतील असे, आणि पोटावर ओळीच्या ओळी मजकूर, असे 200 पेक्षा जास्त आजही शिल्लक आहेत आणि काही पार इजिप्तबाहेर सापडलेत. एकावर राणी तिये आणि तिच्या आईवडिलांची नावं. एकावर रानबैलांची शिकार. एकावर, राजाने पहिल्या दहा वर्षांत स्वतःच्या बाणांनी 102 सिंह मारले. एकावर मितान्नीची राजकन्या गिलुखेपा लग्न करून आली आणि बरोबर 317 बायकांचा लवाजमा आला (मितान्नी म्हणजे तेच उत्तर सीरियातलं राज्य, ज्यांच्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं साक्षीला आहेत). आणि एकावर राणीसाठी 3700 हात लांब तलाव खोदायचा हुकूम, महिन्याच्या 1 तारखेला हुकूम आणि 16 तारखेला राजा त्यात नावेतून फिरतोय. पंधरा दिवसांत जवळजवळ दोन किलोमीटरचा तलाव, कंत्राटदार कोण होता ते मात्र भुंग्यावर लिहिलेलं नाही. सिंहांच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण वाचणाऱ्याने तो गळ्यातल्या पवित्र वस्तूवर वाचला की शंका घ्यायची सोय राहत नाही, ही राजाची हुशारी.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार, काळजाचा, म्हणजे हृदयाचा स्कॅरॅब. हा जिवंतपणी घालायचा नाही, हा ममीच्या छातीवर. इजिप्तच्या समजुतीप्रमाणे विचार, आठवण, पाप-पुण्य सगळं काळजात, म्हणून ममी करताना मेंदू नाकावाटे काढून टाकायचे पण काळीज मुद्दाम आत ठेवायचे. मेल्यावर कोर्ट भरतं. तराजूच्या एका पारड्यात तुमचं काळीज, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. अनुबिस देव तराजू बघतो, थोथ देव लिहून घेतो, आणि बाजूला अम्मित बसलेली असते, तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. काळीज जड भरलं की ती ते खाऊन टाकते आणि माणूस कायमचा संपला. आता गोम अशी की या खटल्यात सगळ्यात धोकादायक साक्षीदार तुमचंच काळीज, कारण त्याला सगळं माहिती. म्हणून 'मृतांचं पुस्तक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहातला 30 ब क्रमांकाचा मंत्र भुंग्याच्या पोटावर कोरायचा, आणि तो मंत्र देवाला उद्देशून नाहीये, काळजाला आहे: माझ्या आईकडून मिळालेल्या काळजा, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, न्यायसभेत मला विरोध करू नकोस, तराजूवाल्यासमोर माझ्याशी वैर धरू नकोस.

मला यात त्यांचा भाबडेपणा कमी आणि व्यवहारीपणा जास्त दिसतो. मी निष्पाप आहे असा दावा दुसऱ्या एका मंत्रात आहेच, लांबलचक यादी आहे, मी चोरी केली नाही, मी मापात मारलं नाही वगैरे. पण त्याच्या जोडीला हा भुंगा पण ठेवायचा, न जाणो.

या प्रकारातला फार जुना एक नमुना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, 17व्या घराण्यातल्या सोबेकेमसाफ नावाच्या राजाचा. जॅस्पर नावाच्या हिरव्या दगडाचा भुंगा, सोन्याच्या कोंदणात बसवलेला, आणि भुंग्याला चेहरा माणसाचा. सोन्यावर मंत्र कोरलाय, तो काही फार सुबक नाही, पण बारकाईने बघितलं तर त्यातल्या पक्ष्यांच्या चिन्हांना पाय नाहीत. विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम. थडग्यातलं चित्र जिवंत होऊ शकतं अशी श्रद्धा, मग अक्षरातला पक्षी उठून चालता झाला तर मंत्रात भोक पडेल, म्हणून पायच काढायचे नाहीत.

ताईताने राजाचं रक्षण किती केलं? सोबेकेमसाफ नावाचे दोन राजे झाले, त्यातल्या एकाचं थडगं पुढे साडेचारशे वर्षांनी फोडलं गेलं आणि चोरांचा कबुलीजबाब पपायरसवर आजही आहे, नववा रामसेस राजा, राज्याचं 16वं वर्ष. आमेनपानुफेर नावाचा पाथरवट सांगतो की राजाच्या गळ्यात पुष्कळ ताईत आणि सोन्याचे दागिने होते, आम्ही सगळं काढलं, शवपेट्यांना आग लावली, आणि सोनं आठ जणांत वाटलं, प्रत्येकी 20 देबेन, देबेन म्हणजे साधारण 91 ग्रॅम. पकडला गेल्यावर त्याने आपला वाटा अधिकाऱ्याला चारला आणि सुटला, मग साथीदारांनी आपापल्या वाट्यातून त्याचं नुकसान भरून दिलं आणि परत धंद्याला लागले. तीन हजार वर्षांपूर्वीची फाईल आहे ही.

तुतानखामुनच्या दागिन्यांतला पिवळसर हिरवा स्कॅरॅब पण सांगायला हवा, 1922 ला थडगं उघडणाऱ्या हॉवर्ड कार्टरला तो कॅल्सेडनी नावाच्या दगडाचा वाटला होता. 1990 च्या दशकात तपासणी झाली तेव्हा कळलं की ती लिबियन वाळवंटातली नैसर्गिक काच आहे, जवळपास 2 कोटी 90 लाख वर्षांपूर्वी प्रचंड उष्णतेने वाळू वितळून झालेली.

आता लेबलवरच्या सालाचं बघू, कारण इथे भलेभले फसतात. पोटावर राजाचं नाव आहे म्हणजे भुंगा त्या राजाच्या काळातला, असं वाटतं ना? चूक. तिसरा थुतमोस, इ.स.पू. 1479 ते 1425, याचं गादीचं नाव मेनखेपेररे, आणि ते इतकं शुभ मानलं गेलं की तो मेल्यानंतर कित्येक शतकं लोक त्याच नावाचे भुंगे बनवत राहिले, इजिप्तमध्येही आणि पॅलेस्टाईनमध्येही. म्हणून जाणकार नाव शेवटी वाचतात, आधी डोक्याचा आकार, खांद्यावरच्या खाचा, पाय नुसते रेघेने दाखवलेत की पोकळ कोरलेत, भोक कसं पाडलंय हे बघतात. आणि त्यात भर म्हणजे भुंगा पिढ्यान्पिढ्या घरात राहतो, आजीचा नातीला, नातीबरोबर थडग्यात. त्यामुळे थडग्यातल्या भुंग्यावरून एवढंच ठामपणे म्हणता येतं की थडगं या भुंग्यापेक्षा जुनं नाही. किती नवं, ते बाकीच्या वस्तूंवरून ठरवायचं.

याचं झकास उदाहरण तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेलं उलुबुरुनचं जहाज. 1982 मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला त्याचा माग लागला, 1984 पासून दहा वर्षं समुद्राखाली उत्खनन चाललं, दहा टन तांबं, एक टन कथील, काचेच्या लाद्या, आणि त्यात एक सोन्याचा छोटासा स्कॅरॅब, पोटावर राणी नेफर्तितीचं नाव. म्हणजे जहाज नेफर्तितीच्या आधी बुडालेलं असू शकत नाही, एवढी एक सीमा त्या पेरभर भुंग्याने पक्की केली.

बाहेरदेशी हे भुंगे असे फिरलेच, मग तिकडच्यांनी स्वतःच बनवायला घेतले. फिनिशियन लोकांनी हिरव्या जॅस्परचे केले, ते सार्डिनियात आणि कार्थेजला सापडतात, इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी लाल कार्नेलियनचे केले आणि पोटावर ग्रीक वीर कोरले, खेप्री वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. खुद्द इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नौक्रातिस नावाचं ग्रीक व्यापाऱ्यांचं गाव होतं, तिथे 1884-85 मध्ये फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला स्कॅरॅबचा अख्खा कारखाना सापडला, साच्यांसकट. त्यातल्या कित्येक भुंग्यांवरची चित्रलिपी नुसती सजावट आहे, वाचायला गेलात तर अर्थ लागत नाही. गिऱ्हाईकालाही वाचता येत नव्हती, मग कोण तक्रार करणार.

तो धंदा अजून बंद झालेला नाही. लक्सरला गेलात तर कर्नाकच्या देवळात पवित्र तळ्याकाठी आमेनहोतेप तिसऱ्याचा ग्रॅनाईटचा मोठा भुंगा आहे, त्याला फेऱ्या मारल्या की नशीब उघडतं असं गाईड सांगतात आणि सगळ्या देशांचे पर्यटक निमूटपणे मारतात. बाहेर आलात की कुणीतरी खिशातून कागदात गुंडाळलेला भुंगा काढून हळूच म्हणेल, ओरिजिनल, आजोबांना शेतात सापडला. इथल्या कारागिरांनी 19व्या शतकापासून नकली भुंगे करून मोठमोठ्या संग्राहकांना गंडवलंय, त्यामुळे तो नकली असण्याचीच शक्यता जास्त. आणि चुकून खरा निघालाच तर 1983 च्या 117 क्रमांकाच्या कायद्याने पुरातन वस्तूंची खरेदी-विक्री आणि देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, विमानतळावर बॅगेत सापडला तर 'मला नकली वाटला' हे कारण चालत नाही. दुकानात समोर मांडलेले, नवीन म्हणूनच विकलेले सोपस्टोनचे भुंगे घ्या, घासाघीस करून घ्या, आणि घेताना उलटा करून पोट बघा, भोक लांबीतून आरपार आहे का ते पण बघा. गळ्यात घालायचा असेल तर दोरा तिथूनच जाणार.